दोन चमचे पाणी

नांदेड, ८ फेब्रुवारी

सृष्टी,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर 'मेजर चंद्रप्रभा मॅडम' असं एवढ्या ठळक अक्षरात लिहिलंस की पोस्टमननं अख्ख्या गल्लीला दाखवत आणलं. आता शेजारच्या बायका माझ्यासमोर मोठ्यानं बोलायच्या बंद झाल्यात. मॅडमबिडम लिहू नको. प्रभाताई पुरे.

आदिनाथच्या नावानं पाडव्याला शिरूरच्या बसस्टँडासमोर पाणपोई घालायचं तुझ्या आईनं ठरवलं, हे वाचून बरं वाटलं. चांगलं काम आहे. उन्हातान्हात तिथं उतरणारी माणसं दुवा देतील. पण पहिला ग्लास माझ्या हातानं भरायचा, हे काही जमायचं नाही गं. त्याच्या शाळेचे गुरुजी आहेत, गावात वडीलधारी आहेत, त्यांना तो मान द्या. मार्चमध्ये आमच्याकडं इन्स्पेक्शन असतं. सुट्टीचं नाव काढलं तरी साहेब डोळे वटारतात. मनात लई आहे पण ड्यूटी सोडता येत नाही, असं आईंना नीट समजावून सांग.

'माझ्या लेकराच्या तोंडात ज्या हातानं शेवटचं पाणी घातलं, त्याच हातानं पहिला गिलास' हे तुझ्या आईंचं, कस्तुराबाईंचं बोलणं तू जसंच्या तसं उतरवलंस. इतकं जसंच्या तसं उतरवायची काही गरज नव्हती.

आईंनी पाठवलेलं इरकल मिळालं. रंग छान आहे. अजून घडी मोडली नाही.

तुझ्या परीक्षा कधी आहेत? उदगीरच्या होस्टेलात नीट जेवत जा. आणि आईंची साखर तपासून घे, मागे फोनवर पाय जळजळतात म्हणत होत्या. ते अंगावर काढू देऊ नको.

प्रभाताई


नांदेड, २१ फेब्रुवारी

सृष्टी,

पकडलंस. 'ड्यूटीवर आहात तर पाकिटावर नांदेडचा शिक्का कसा, आणि पत्ता तुमच्या भावाच्या घरचा कसा?' पोलिसात जा तू, बी.ए. करून काय करणार आहेस.

तर ऐक. चार महिने झाले, मी सर्वेशकडं, म्हणजे माझ्या धाकट्या भावाकडं राहून राहिले. इन्स्पेक्शन वगैरे काही नाही. मी सिक लीव्हवर आहे. हातपाय धड आहेत, ताप नाही, गाठ नाही. डोक्याचं आहे. हे कुणाला सांगत नाही, कारण आपल्याकडं डोक्याचं म्हटलं की समोरचं माणूस एक पाऊल मागं सरकतं. आमच्या फौजेतही सरकतं, फक्त सॅल्यूट ठोकून सरकतं.

काय होतं म्हणशील तर हसशील. मी भांडी भरते. सकाळी नळ आला की हंडा, कळशी, पातेली, डबे, चहाचं भांडं, सगळं पाण्यानं भरून ठेवते. परवा माझी भावजय उर्वी पोहे करायला पातेलं शोधून राहिली होती. प्रत्येकात पाणी. शेवटी बिचारीनं कुकरात पोहे केले. आम्ही दोघी हसलो. मग मी न्हाणीत जाऊन दार लावून रडले, आणि ती दाराबाहेर उभी राहून पोहे गार होतायत असं सांगत राहिली.

बाहेर जेवायला गेलो तर टेबलावर कुणी अर्धा ग्लास पाणी सोडून उठलं की मला घाम फुटतो. मला स्वतःला मात्र पाणी घशाखाली जात नाही. चहा जातो, ताक जातो. पाणी तोंडात घेतलं की आत कुणीतरी दार लावतं.

घरी का पाठवलं तेही सांगते, नाहीतर तू पुन्हा शिक्के बघत बसशील. तुमच्या आदिनाथनंतर माझी बदली खाली मैदानातल्या हॉस्पिटलात झाली. तिथं एक हवालदार हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आला होता. रात्रीपासून उपाशी ठेवलेला. थिएटरच्या दारात स्ट्रेचरवर तो म्हणाला, 'सिस्टर, घसा सुकला.' मी ग्लास भरून आणला आणि मान उचलून पाजला, पूर्ण. सतरा वर्षं नोकरी केलेल्या बाईनं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षातली पोरगीसुद्धा सांगेल की भूल द्यायच्या तोंडावर पाणी द्यायचं नसतं, ते वर येऊन फुप्फुसात गेलं तर माणूस हातचा जातो. रिकामा ग्लास हातात धरून मीच आत गेले आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं. ऑपरेशन पुढं ढकललं. हवालदार ठणठणीत आहे. मी इथं आहे.

एप्रिलमध्ये मेडिकल बोर्ड बसेल. वॉर्डात परत घ्यायचं की नाही, ते ठरवतील. आमच्या मनाच्या डॉक्टरांनी सांगितलं, ज्या माणसाशी बोलायचं तुम्ही टाळताय त्यालाच हातानं पत्र लिहा. मी म्हटलं, लिहून राहिले की. तेव्हा मी तुला इन्स्पेक्शनची थाप लिहून मोकळी झाले होते.

आईंना यातलं काही सांगू नको. प्रभा कामावर आहे, एवढंच सांग.

प्रभाताई


नांदेड, ४ मार्च

सृष्टी,

आधी जेवून घे. हे पत्र एकटीनं वाच. खोलीतल्या मैत्रिणीसमोर नको.

मी तुझ्या भावाला पाणी पाजलं नाही.

चारदा कागद फाडले. दरवेळी वरच्या ओळीच्या आधी काहीतरी लिहायची, धुकं, बर्फ, किती जखमी होते, किती कमी माणसं होतो. ते सगळं खरं आहे, पण ते आधी लिहिलं की वरची ओळ लिहायची राहून जायची. म्हणून या वेळी ती आधी लिहिली.

आता बाकीचं. उंचावरचं हॉस्पिटल आमचं. एक सर्जन, एक टेबल, आम्ही तीन सिस्टर. गाडी दरीत गेली होती, सकाळी साडेदहाला नऊ जणांना आणलं. धुक्यामुळं हेलिकॉप्टर येणार नाही असं खालून कळवलं होतं. अशा वेळी जखमींच्या मनगटाला रंगाच्या पट्ट्या बांधतात. पिवळी म्हणजे हा थांबू शकतो. लाल म्हणजे याला आधी घ्या. काळी म्हणजे याच्यासाठी आता ऑपरेशन नाही, फक्त आराम. काळी पट्टी बांधली की मग कुठला नियम राहत नाही. दुखणं मारायचं इंजेक्शन हवं तितकं देता येतं, पाणी मागितलं तर पाणी देता येतं, शेजारी बसता येतं. त्या दिवशी पट्ट्या बांधायचं काम माझ्याकडं होतं.

आदिनाथला बाहेरून खरचटल्यापलीकडं काही दिसत नव्हतं. पोट मात्र फळीसारखं कडक झालेलं. आत रक्त साचत होतं. मी लाल पट्टी बांधली. गाव विचारलं तर शिरूर अनंतपाळ. मी नांदेडची म्हटल्यावर तशा अवस्थेत काय म्हणाला ठाऊक आहे? 'तुमचं बरंय ताई, तुमच्याकडं गोदावरी हाय. आमच्याकडं टँकर हाय.' त्या उंचावर दोन वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मला एकदम घरी गेल्यासारखं झालं.

पोटाला मार असला, ऑपरेशन करायचं असलं, की तोंडानं पाणी बंद. त्यानं मागितलं तेव्हा मी सांगितलं, ऑपरेशन झालं की मी स्वतः देते. म्हणाला, 'चालतंय. आठ दिसाला नळ येतो आमच्यात. वाट बघायची सवय हाय.'

एक वाजता सर्जनसाहेब दोन ऑपरेशनांच्या मधे बाहेर आले. त्याला तपासलं, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, 'सिस्टर, याला आता आराम द्या.' म्हणजे पट्टी बदला. मी म्हटलं, नाही सर, पुढचा नंबर याचाच. ते म्हणाले, टेबलावर आता घेतलाय त्याला अडीच तास लागतील. मी म्हटलं, तो टिकेल. वाद घालायला त्यांना वेळ नव्हता, ते आत गेले.

सतरा वर्षांत मी सर्जनचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. तो पंजाबचा असता, मणिपूरचा असता, तर मी मुकाट्यानं काळी पट्टी बांधली असती आणि त्याला पाणी मिळालं असतं. तुझा भाऊ आपल्याकडचा निघाला म्हणून तो तहानलेला राहिला. मी त्याला मरू द्यायला तयार नव्हते, आणि त्यापायी मी त्याला नीट मरूही दिलं नाही. वर्ष झालं, मी इथंच अडकले आहे.

दोन वाजल्यानंतर तो नुसतं पाणी पाणी करत राहिला. थट्टा संपली होती. मी गॉजचा तुकडा भिजवून त्याच्या ओठांवरून फिरवला. त्यानं तो दातात धरला आणि चोखायला लागला. मी ओढून काढला, सृष्टी. दोन बोटांनी त्याचा जबडा उघडून ओढून काढला. एक थेंब आत गेला तर ऑपरेशन बिघडेल म्हणून. कुठलं ऑपरेशन. तीन वाजून चाळीस मिनिटांनी तो गेला. टेबल तीन पन्नासला रिकामं झालं.

सहा दिवसांनी तुमच्या आईंचा फोन आला. मला वाटलं रडतील, ओरडतील, त्याची तयारी मी करून ठेवली होती. त्यांनी एकच विचारलं. 'बाई, शेवटचं पाणी कुणी घातलं त्याच्या तोंडात?' मी म्हटलं, मी घातलं आई, चमच्यानं, दोन चमचे. एवढ्यावर तरी थांबायचं की नाही? तर वर आणखी म्हटलं, दुसरा चमचा त्यानं हसून घेतला. कोणी विचारलं होतं मला, हसला का म्हणून?

आई म्हणाल्या, मग तू माझी लेक झालीस. तेव्हापासून दिवाळीचा फराळ काय, इरकल काय, फोनवर माझ्या जेवणाची चौकशी काय. मी सगळं घेतलं. नको म्हटलं नाही. मला ते हवं होतं, हेही लिहूनच टाकते.

हे पत्र आईंना वाचून दाखव. तुझ्यावर टाकते आहे, मला कळतं. फोन उचलला की माझा आवाज फुटत नाही.

चंद्रप्रभा


नांदेड, १२ मार्च

सृष्टी,

तुझं कार्ड आलं. चार ओळी आहेत, पाठ झाल्या. 'आईला वाचून दाखवलं नाही. दाखवणार नाही. तिला त्या दोन चमच्यांवर रात्री झोप लागते. तुम्ही पाडव्याला येऊ नका आणि पुन्हा लिहू नका.'

एवढं एकदा लिहू दे.

माझ्या तोंडावर थुंकली असतीस तरी मी पुसून घेतलं असतं. झोपेचं तू लिहिलंस ते मला कळतं, मी सहा महिन्यांत सलग तीन तास झोपले नाही. कुणाच्या झोपेवर पाय द्यावा असं मला वाटत नाही. कार्ड आल्यापासून दोन दिवस मी तुझंच ऐकायचं ठरवून बसले होते.

पण मग मी विचार केला की आई मला पुढच्या पाडव्याला पुन्हा बोलावतील. त्याच्या पुढच्यालाही बोलावतील. पाणपोईवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतील की एक नांदेडची बाई होती, तिनं माझ्या लेकराला पाणी पाजलं. आणि तू शेजारी उभी राहून ते ऐकशील. आता तुलाही ठाऊक आहे ना. मी माझं ओझं तुझ्या डोक्यावर दिलं आणि वर तुला सांगितलं की आईला तूच सांग. एकवीस वर्षांची पोर तू. ही माझी दुसरी चूक, आणि हिला धुकंबिकं काही कारण नव्हतं.

डॉक्टरांना विचारलं जाऊ का म्हणून. ते म्हणाले, त्यांनी नाही स्वीकारलं तर तुम्हाला झेपेल का, याचा विचार करा. मी म्हटलं, साहेब, तुम्ही कधी मार्चमध्ये एस.टी.नं शिरूरला गेलायत का, आधी तेच झेपलं पाहिजे. ते हसले नाहीत. बोर्डासमोर हे चांगलं दिसणार नाही असं म्हणाले.

येऊन काय करणार, मला ठाऊक नाही. न येता काय होतं, ते ठाऊक आहे.

चंद्रप्रभा


नांदेड, पाडव्याच्या तिसऱ्या दिवशी

सृष्टी,

पुन्हा लिहू नका म्हणाली होतीस तरी लिहिते. मला बसमधून उतरताना पाहिलंस आणि तू उसाच्या रसाच्या गाड्यामागं गेलीस, तिथून कुठं गेलीस ते दिसलं नाही. रागानं गेलीस, ठीकच आहे. पण मागं जे झालं ते तुला माझ्याकडून कळावं, कारण आई तुला आपणहून सांगतील असं वाटत नाही.

लिंबाखाली तीन रांजण मांडले होते, ओलं फडकं गुंडाळलेले. मागं आदिनाथचा फोटो. गुरुजी होते, गावातल्या पाचसहा बायका होत्या. आईंनी मला आवाजावरूनच ओळखलं. मी गुरुजींना फक्त 'नमस्कार' म्हटलं होतं. मागं न बघता म्हणाल्या, 'आली का माझी बाई.' आणि सगळ्यांना हाक मारून सांगायला लागल्या, हीच ती, हिनंच घातलं पाणी. एका म्हातारीनं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मग आईंनी ओगराळं माझ्या हातात दिलं. 'भर.'

मी म्हटलं, आई, आधी तिकडं चला.

लिंबामागच्या ओट्यावर बसलो. मी सांगितलं. तुला लिहिलं होतं तसंच, पहिली ओळ पहिल्यांदा. पट्ट्यांचं सांगितलं, सर्जनसाहेबांचं सांगितलं. बोलता बोलता माझे दात वाजत होते, भर उन्हात. आई पदरानं हात पुसत राहिल्या, कोरडेच हात.

मग विचारलं, 'गाज म्हंजी काय?'

मी म्हटलं, चिंधी. औषधाच्या दुकानात मिळते ती पांढरी.

'वली व्हती?'

हाव.

'अन् त्यानं दातात धरली?'

हाव.

तिकडं गुरुजी खाकरत होते. मग म्हणाल्या, 'त्याचं दूध तोडलं तवा पदर असाच दातात धरायचा. लई ओढावा लागायचा. सोडायचाच न्हाई.' आणि तिथं त्या रडल्या. मी नर्स आहे, मी शेकडो आयांना रडताना धरलं आहे, पण मला त्यांना हात लावायची हिंमत झाली नाही.

इरकल मी पिशवीतून आणलं होतं, परत द्यायला. ते त्यांच्या मांडीवर ठेवलं तर म्हणाल्या, 'घडी बी मोडली न्हाईस.' मी म्हटलं, कशी मोडू?

मी उठायला लागले तर मनगट धरलं. पट्टी बांधतो ना, तिथंच. म्हणाल्या, 'त्या दिशी तू सकाळधरनं पाणी पिली व्हतीस का?'

सृष्टी, बोर्डासाठी म्हणून डॉक्टरांनी मला नऊ पानांची प्रश्नावली दिली होती. झोप किती, भूक किती, मरावंसं वाटतं का. हे त्यात नव्हतं. मी आठवलं. सकाळी सहाला चहा घेतला होता. त्यानंतर दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर येईपर्यंत काही नाही. मी म्हटलं, न्हाई.

'कुनी इचारलं?'

न्हाई आई.

त्या उठल्या. माझ्या हातातून ओगराळं काढून घेतलं, रांजणात घातलं आणि पाणपोईचा पहिला ग्लास त्यांनी स्वतः भरला. सगळ्या बायका बघत होत्या. तो माझ्यासमोर धरून म्हणाल्या, 'मी तुला माफ केलं आसं समजू नगंस. मला आजून कायबी कळंना. आज झोप बी न्हाई लागायची मला. पन पी.'

मी प्याले. आतलं दार उघडलंबिघडलं नाही, घशात खूप दुखलं, अर्धं अंगावर सांडलं. पण पूर्ण प्याले. त्या ग्लास रिकामा होईस्तोवर उभ्या राहिल्या.

मग विचारलं, 'सृष्टीला ठावं हाय का हे?' मी खरं सांगितलं. कधीपासून, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, 'तरीच. होस्टेलातनं आल्यापून पोरगी माझ्या ताटाला बसंना. म्या म्हनलं परीक्षेचा घोर आसंल.'

गुरुजींनी नारळ फोडला. माणसं येऊन पाणी पिऊन गेली. मी परतीच्या गाडीसाठी दुपारी अडीचपर्यंत तिथंच होते. त्यांनी मला जा म्हटलं नाही आणि बसही म्हटलं नाही. साडी मात्र परत घेतली नाही, ती माझ्या पिशवीत आहे.

बोर्डाचं काय होईल ते होवो. हे तुला दुसऱ्याच कामासाठी लिहून राहिले. मला पाजल्यावर आईंनी लगेच दुसरा ग्लास भरला होता. कुणाला दिला नाही. फोटोजवळ ठेवला, वर वाटी झाकली. एक माणूस तोच उचलायला गेला तर त्याचा हात बाजूला सारला आणि म्हणाल्या, 'ह्यो माझ्या पोरीचा.' मी निघाले तेव्हा तो तसाच झाकलेला होता, आणि त्या रसाच्या गाड्याकडं बघत होत्या.

होस्टेलात बसू नको. घरी जा.

प्रभाताई